कोल्हापुरातला पहिला पावसाळा: अंदाज कसा वाचायचा, तयारी कधी करायची

नोकरी, बदली किंवा शिक्षणासाठी कोल्हापुरात आलेल्या माणसाला पहिल्या जुलैमध्ये शेजाऱ्यांचं वागणं कळत नाही. शहरात दोन दिवस नुसती भुरभुर, मध्येच ऊन, आणि खालच्या मजल्यावरचे काका फ्रीज वर चढवायला माणसं शोधतायत. काकांनी सकाळी दोन आकडे ऐकलेले असतात: गगनबावड्यात पडलेला पाऊस आणि राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. त्या दोन आकड्यांपुढं खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाला इथं फारशी किंमत नाही.

२०१९ आणि २०२१ चे दोन्ही महापूर मी इथंच राहून काढले. तेव्हापासून दर जूनमध्ये ओळखीतलं कुणी ना कुणी नवीन माणूस तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. घर शहरात आहे, शिरोळ तालुक्यात आहे की रोज घाटातून ये-जा आहे, त्यावर काय बघायचं ते बदलतं. ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

१. आधी जिल्ह्याचा उतार डोक्यात बसवा

पश्चिमेला सह्याद्री. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड हे तालुके त्याला टेकलेले. मध्ये करवीर, पन्हाळा, कागल. पूर्वेला हातकणंगले आणि शिरोळ, जवळजवळ सपाट. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजार आणि शिरोळकडं पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, दोन-तीन तासांच्या गाडीप्रवासात, पाऊस दसपट बदलतो.

पाणी मात्र उताराप्रमाणं पश्चिमेकडून पूर्वेकडं येतं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकमेकींना मिळत प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होतात. ही पंचगंगा कोल्हापूरला वळसा घालून इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते. म्हणून जिथं सगळ्यात कमी पाऊस पडतो त्या शिरोळ तालुक्यात पूर सगळ्यात जास्त दिवस मुक्काम ठोकतो. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, पण सगळी गोम इथंच आहे.

कागलकडं राहत असाल तर दूधगंगा-वेदगंगा, गडहिंग्लजला असाल तर हिरण्यकेशी, उत्तरेला वारणा. आपली नदी कुठली, तिचं धरण कुठलं, हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्या.

२. हवामान खात्याचा अंदाज नीट वाचा

मोबाइलवर आपोआप येणारं ढगाचं चित्र विसरा. ते शहराच्या एका ठिपक्याचं असतं आणि तुमचा पूर त्या ठिपक्यावर पडत नसतो. भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज बघा. त्यात हल्ली कोल्हापूरचा घाटभाग वेगळा दाखवतात. शहराला पिवळा इशारा आणि घाटाला लाल, असं एकाच दिवशी असू शकतं. अशा वेळी आपण लाल धरून चालायचं.

रंगांमागचे आकडे माहीत असलेले बरे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढं अत्यंत जोरदार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. त्यामुळं सकाळी वाचलेला पावसाचा आकडा कालचा असतो, हेही लक्षात ठेवा. शहरात दिवसाला ११० मिलिमीटर पडला तर गटारं तुंबतील, वाहतूक कोंडेल आणि दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर येईल. तेवढाच पाऊस घाटमाथ्यावर ओळीनं चार दिवस पडला तर गोष्ट वेगळी.

बातम्यांत दोन गोष्टी एकत्र ऐकू आल्या की कान टवकारायचे. एक, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असं पश्चिमेकडं सरकतंय. दोन, गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा आहे. असं झालं की अरबी समुद्रावरचं वारं जोर धरतं, ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात आणि सगळं ओझं घाटमाथ्यावर उतरवतात. शेकडो कोसांवरच्या ओडिशाच्या बातमीचा आपल्या पार्किंगशी संबंध असतो तो असा.

ॲप म्हणून हवामान विभागाचं ‘मौसम’ पुरेसं आहे. विजांसाठी ‘दामिनी’ ठेवा, शेती करत असाल तर ‘मेघदूत’.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ग्रुपवर फिरणारे इशारे. तारीख नसलेला फोटो, ‘पुढचे ७२ तास धोक्याचे’, ‘धरणाला तडा’. दर पावसाळ्यात तोच मजकूर नव्यानं फिरतो. ज्यावर तारीख आणि वेळ नाही, तो पुढं पाठवायचा नाही आणि त्यावर विश्वासही ठेवायचा नाही, मग तो मामांनी पाठवलेला असला तरी.

३. रोज सकाळी तीन आकडे

जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ही सवय लावून घ्या. जिल्हा प्रशासनाची माहिती दिवसातून अनेकदा येते. स्थानिक वर्तमानपत्रं आणि वाहिन्या तीच देतात.

पहिला आकडा राजाराम बंधाऱ्याचा. कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट-इंचात मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या वर. हे फूट नदीच्या त्या ठिकाणचे आहेत. ‘४३ फूट पाणी’ ऐकून गावाकडच्या आईला शहर बुडालं असं वाटतं, तिला आधीच समजावून सांगा.

नुसती पातळी बघू नका, चढण्याचा वेग बघा. दोन वेळांतला फरक काढायचा. तासाला दोन इंच चढत असेल तर चोवीस तासांत चार फूट, म्हणजे इशारा पातळीवरून धोका पातळीवर यायला एक दिवस. मला विचाराल तर पातळीपेक्षा हाच हिशोब जास्त उपयोगी आहे, आणि नेमका तोच कुणी करत नाही.

दुसरा आकडा राधानगरी धरणाचा. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भोगावतीत येतं. ‘राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला’ ही बातमी आली की पुढच्या काही तासांत पंचगंगेवर परिणाम दिसणार हे धरून चालायचं. मात्र दरवाजे बंद आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. धरणाच्या खालच्या खोऱ्यात आणि कुंभी-कासारीच्या बाजूला पडलेला पाऊस राधानगरीत अडत नाही, तो खालूनच नदीत येतो.

तिसरा आकडा गगनबावड्याच्या पावसाचा. बाकीचे तालुके सवडीनं बघा.

जोडीला एक खास इथलं मोजमाप आहे: पाण्याखाली गेलेले बंधारे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठेंगणे असतात, नदी फुगली की त्यांच्यावरून पाणी जातं. बातमीत त्यांची संख्या रोज येते. ती आठवरून एकदम चाळिशीकडं गेली तर पाऊस एका खोऱ्यात नसून सगळीकडं आहे, एवढं समजायचं.

शिरोळकरांनी आणखी पुढं बघायचं. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर या पट्ट्यात पंचगंगेइतकीच कृष्णा महत्त्वाची. कोयना धरणाचा विसर्ग (सोडलेलं पाणी), वारणेचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी (इशारा ४० फूट, धोका ४५ फूट) हे तुमचे आकडे. मोरी तुंबली की न्हाणीत पाणी साचतं, तसं कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी मागं थोपतं आणि पाऊस थांबला तरी उतरत नाही. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर (धरणामुळं नदीत मागं थोपणाऱ्या पाण्यावर) इथं चहाच्या गाड्यावर तासन्‌तास वाद झडतात. वाद जरूर ऐका, पण सामान हलवायचा निर्णय पातळीच्या आकड्यावर घ्या.

४. तुमचं घर किती फुटाला?

प्रत्येक गल्लीचा एक आकडा असतो, म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं की तिथं पाणी शिरतं तो, आणि तो जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असतो. ‘आमच्याकडं सत्तेचाळीसला येतंय’ असं एखाद्या आजी सहज सांगतील. पाणी कुठल्या बाजूनं शिरतं तेही विचारा, कारण शहरात ते पुष्कळदा नदीकडून समोरासमोर येत नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरतं आणि दसरा चौक, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर अशा, नदी दिसतही नाही त्या भागात शिरतं. सुतारवाडा, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, दुधाळी, रमणमळा, बापट कॅम्प ही नावं पुराच्या बातम्यांत नेहमी असतात. करवीर तालुक्यात प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं सगळ्यात आधी हलवावी लागतात.

भाड्यानं घर घेताना जून-जुलैच्या आधी या गोष्टी करा:

- तळमजल्याच्या भिंतीवर, जिन्यात, शेजारच्या दुकानात २०१९ आणि २०२१ ची पाणीखूण शोधा. नवा रंग फक्त खालच्या चार फुटांना असेल तर कारण विचारा.
- विजेचे मीटर कुठं आहेत, पाण्याची मोटर कुठं आहे ते बघा. तिसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं राहील, पण मीटर बुडाले तर वीज नाही, आणि वीज नाही तर टाकीत पाणी नाही.
- विकत घेत असाल तर जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे पाटबंधारे विभागाच्या नकाशावर तपासा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बिल्डरच्या तोंडी ‘इथं कधी पाणी येत नाही’ याला नकाशाचा आधार आहे का, ते बघा.

आणि ‘२०१९ ला आलं नव्हतं’ या वाक्यावर विसंबू नका. २०२१ ला पाणी त्याहून वर गेलं. ज्यांनी २०१९ च्या खुणेच्या वीतभर वर सामान रचून ठेवलं होतं, त्यांनाही ते परत उचलावं लागलं.

५. मे महिन्यात उरकायची कामं

वळवाचा पहिला तडाखा बसायच्या आत हे झालेलं बरं. वळीव तासाभराचा असतो, पण वारा आणि वीज दोन्ही घेऊन येतो. गच्चीवरचे पत्रे, टाकीची झाकणं, होर्डिंगखाली लावलेली गाडी, जुनं झाड याकडं लक्ष द्या. मेघगर्जना ऐकू आली की झाडाखालून आणि रानातून बाहेर या.

कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये तसंच बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाकडं:

- आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र
- बँक पासबुक
- स्वतःचं घर असेल तर घरफाळ्याची पावती किंवा मिळकत पत्रिका, शेती असेल तर सातबारा
- भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि त्या पत्त्यावरचं वीजबिल
- गाडीचं आरसी आणि विमा, आरोग्य विम्याचं कार्ड
- नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठ्या
- मुलांचे दाखले आणि गुणपत्रिका

यातला भाडेकरार सगळ्यात दुर्लक्षित. पुरानंतर मदतीसाठी पंचनामा होतो तेव्हा ‘इथं तुम्ही राहत होता याचा पुरावा काय?’ हा पहिला प्रश्न असतो. तोंडी व्यवहारावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि कामगारांची इथं सगळ्यात जास्त अडचण होते.

गाडीच्या विम्याचंही बघून ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीचा एक रुपया मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी इंजिनात पाणी जाऊन झालेल्या बिघाडासाठी बहुतेकदा इंजिन प्रोटेक्टचं वेगळं संरक्षण लागतं. पॉलिसी मे महिन्यात वाचा.

सामान फार लागत नाही: टॉर्च, पॉवर बँक, मेडिक्लोर (पिण्याचं पाणी शुद्ध करायचं औषध), पिण्याच्या पाण्यासाठी झाकणाचे कॅन, दोर, गमबूट, आठवड्याची औषधं, रोख पैसे आणि लहान गॅस सिलिंडर. रोख विसरू नका. वीज आणि नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

६. पाणी चढताना काय कधी करायचं

हे आकडे राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांचे, आणि शहरातल्या सखल भागाजवळ राहणाऱ्यांसाठी. तुमच्या गल्लीचा आकडा कमी असेल तर सगळं तेवढंच अलीकडं ओढा.

तिशीच्या आसपास नदी पात्राबाहेर पडू लागते. या टप्प्यावर काही करायचं नसतं, फक्त वेगावर लक्ष ठेवायचं. पंचगंगा घाटावर पूर बघायला जायची कोल्हापूरकरांची हौस मोठी. सहकुटुंब येतात, गरम कणसं खातात. जा, पण पायऱ्यांवर उतरू नका आणि पुलाच्या कठड्यावर मुलांना बसवू नका.

३५ च्या पुढं जात असेल आणि घाटाला लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर गाडीत इंधन भरा, पिण्याचं पाणी साठवा, तळघरातली गाडी उंचावर नेऊन लावा. चांगल्या जागा लवकर भरतात.

३९ ला तळमजल्यावरचं जड सामान वर. फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या, धान्य, इन्व्हर्टरची बॅटरी. हे दिवसाउजेडी करा. रात्री लाइट गेल्यावर जिन्यातून कपाट चढवणं म्हणजे कंबरेला निमंत्रण.

४३ ला, तुमचा भाग पाणी येणाऱ्यांपैकी असेल, तर म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणीला, आजारी माणसाला आधीच पाहुण्यांकडं पोचवलेलं असायला हवं. तुम्ही स्वतःही मेन स्विच बंद करून, गॅस बंद करून निघा. ‘अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत’ म्हणून थांबणाऱ्यांना बोटीतून काढावं लागतं, आणि बोट तुमच्या वेळेला येत नाही. गावाकडं जनावरं असतील तर त्यांना माणसांच्या आधी हलवा. दावणीला बांधलेलं जनावर सोडवायला छातीभर पाण्यातून परत जाणारे लोक मी पाहिलेत.

याच सुमाराला ‘रेडेडोह फुटला’ असं ऐकू येईल. आंबेवाडीजवळ नदीचं पाणी शिवारात पसरून पन्हाळ्याकडच्या रस्त्यावर येण्याची ती खूण. जुनी माणसं त्यावरूनच पुढचा अंदाज बांधतात.

पाणी शिरलं नाही तरी शहर अडकतं. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली की नळ बंद पडू शकतात. मोठ्या पुरात सगळीकडं पाणी असून प्यायला टँकरची वाट बघावी लागली होती. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं की पेट्रोल, भाजी, दूध यांची टंचाई सुरू होते. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा हा महामार्ग बंद पडला होता. म्हणून उंचावर, राजारामपुरीत किंवा आर. के. नगरात राहणाऱ्यांनीही घरात आठवड्याचा शिधा ठेवावा.

७. रस्ते

गगनबावड्याकडचा रस्ता मांडुकली, लोंघे परिसरात लवकर बंद होतो. रत्नागिरीकडचा केर्लीजवळ. कोकणात जाणारे करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, अणुस्कुरा या सगळ्याच घाटांत दरडीचा धोका असतो. घाटाला लाल इशारा असेल त्या दिवशी प्रवास पुढं ढकला, आणि ढकलता येत नसेल तर निदान रात्री घाटात असू नका. नकाशाचं ॲप बंद बंधाऱ्यावरूनही खुशाल रस्ता दाखवतं. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर असलं तरी गाडी घालायची नाही. खालचा कठडा, खड्डा काही दिसत नाही आणि दुचाकी सरळ घसरते.

८. पाणी उतरल्यावर

उतरायला वेळ लागतो, मनाची तयारी ठेवा. पाणी उतरत असतानाच त्याच पाण्यानं गाळ बाहेर काढायचा, ही इथली जुनी पद्धत आहे आणि ती बरोबर आहे. वाळलेला गाळ फावड्यालाही दाद देत नाही.

झाडलोटीच्या आधी फोटो काढा: भिंतीवरची खूण, बुडालेलं सामान, त्यात दार-क्रमांक दिसेल असे. शहरात महापालिका किंवा महसूलचे कर्मचारी, गावात तलाठी पंचनाम्याला येतात. नाव यादीत आलं का ते स्वतः बघा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. बुडालेली गाडी चालू करून बघू नका, किल्लीही फिरवू नका. तशीच ओढून गॅरेजला न्या. घरातली वीज वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही.

पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नका. पुराच्या पाण्यातून आल्यावर पुढच्या महिन्याभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना ‘पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) संशय त्यांना लवकर घेता येतो. पाणी उकळून किंवा मेडिक्लोर टाकून प्या. कपाटं, गाद्या, लाकडं हलवताना काठीनं आधी ठोका, साप आसरा घेऊन बसलेले असतात.

९. दसऱ्यानंतरचा पाऊस

महापूर गेला म्हणजे आभाळ मिटलं असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झालं की त्याची शेपटी इथवर येते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखीच्या वेळी ऐन थंडीत राज्याच्या पश्चिम भागात पाऊस झाला होता. त्यानं नदीला पूर येत नाही. पण ऊसतोड थांबते, फडात गाड्या रुततात, गुऱ्हाळाचं जळण भिजतं, आणि तोडणीला आलेल्या मजुरांच्या खोपटांत पाणी शिरतं. गुऱ्हाळ किंवा तोडणीशी संबंध असेल तर समुद्रात कमी दाबाची बातमी आली की जळण झाकायला ताडपत्री आणि खोपी उंचावर हलवायला दोन दिवस हातात असतात.

हे नंबर आजच साठवून ठेवा: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, कुठल्याही आणीबाणीला ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, विजेची तक्रार १९१२. १०७७ ला बाहेरगावच्या मोबाइलवरून लावताना आधी जिल्ह्याचा कोड लागतो, कोल्हापूरचा ०२३१.